ठशाचा दोष आणि झिजेचा दोष

नाण्यावर जिथे केसांची बट असायला हवी तिथे गुळगुळीत सपाटी दिसत असेल, तर तिचे कारण दोन ठिकाणी शोधावे लागते. बट होती आणि हातोहात फिरताना झिजून गेली, ही एक शक्यता. ती त्या नाण्यावर कधी उमटलीच नाही, ही दुसरी. पहिला दोष नाण्याच्या आयुष्यातला, दुसरा जन्मातला. संग्राहकांच्या बोलण्यात या जन्माच्या गुणाला 'स्ट्राइक' म्हणतात. मराठीत त्याला छाप म्हणता येईल. टांकसाळीतल्या ठशाने आपले चित्र चकतीवर किती पूर्णपणे उतरवले, हे छापेवरून कळते. प्रतवारी म्हणजे नाण्याच्या एकंदर अवस्थेला दिलेला दर्जा, आणि तो आज बहुतेक वेळा एकाच आकड्यात सांगितला जातो. छाप आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी त्या एका आकड्यात मिसळल्या गेल्या आहेत. हा गुंता केवळ हौशी माणसांच्या चर्चेपुरता नाही. एकाच साली, एकाच टांकसाळीत पाडलेल्या आणि सारख्याच जपलेल्या दोन नाण्यांच्या किमतीत शंभर पटींहून जास्त तफावत त्याच्यामुळे पडू शकते.

यंत्रावर नाणे पाडण्याची क्रिया सांगायला सोपी आहे. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्या भट्टीत तापवून मऊ करतात, त्यांची कड दाबून थोडी उचलतात आणि मग एकेक चकती पोलादी कड्याच्या आत, दोन ठशांच्या मध्ये येते. ठसे मिटतात आणि उघडतात. डोळ्याचे पाते लवण्याइतक्या त्या वेळात घट्ट धातूला वाहून ठशातल्या प्रत्येक खाचेत शिरायचे असते. उथळ भाग आधी भरतात, सर्वांत खोल खाच सर्वांत शेवटी भरते. ठशातली खोल खाच म्हणजेच नाण्यावरचा उंच उठाव. म्हणून दाब कमी पडला की सर्वांत उंच भाग अर्धवट राहतो. आणि नाणे खिशात, गल्ल्यात, थैलीत घासले जाते तेव्हाही सर्वांत आधी झिजतो तो हाच उंच भाग. अपुरी छाप आणि झीज दोन्ही नाण्याच्या एकाच जागी आपली खूण सोडतात. प्रतवारीतली सारी अडचण इथून सुरू होते.

छाप अपुरी राहण्याची कारणे टांकसाळीच्या रोजच्या कामातच असतात. दोन ठसे एकमेकांच्या किती जवळ येतील हे यंत्र लावतानाच ठरते. अंतर थोडे जास्त ठेवले की ठशांवरचा ताण घटतो आणि ते अधिक नाणी पाडतात. लाखोंच्या उत्पादनात ही बचत मोठी असते, पण तिची किंमत चित्राचे बारकावे भरतात. चकती पुरेशी मऊ झाली नसेल तरी तेच होते. धातूचा स्वभावही आड येतो. सोने आणि चांदी दाबाला चटकन वश होतात. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याचा नेहमीचा मिश्रधातू, ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल, मात्र फार चिवट आहे, आणि अमेरिकी नाण्यांत अपुऱ्या छापेच्या तक्रारी या नाण्याबद्दल सर्वाधिक असतात त्या उगाच नव्हेत. भारतात १९८८ पासून आलेल्या स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांवरचा उठाव इतका उथळ का, याचे उत्तरही धातूच्या कठीणपणातच सापडते.

चित्राची मांडणी हे आणखी एक कारण. दर्शनी बाजूचा सर्वांत उंच भाग आणि मागच्या बाजूचा सर्वांत उंच भाग पाठीला पाठ लावून आले, तर मधल्या धातूला एकाच वेळी दोन्हीकडे धाव घ्यावी लागते आणि तो दोन्हीकडे कमी पडतो. १८७८ पासून पाडलेल्या मॉर्गन डॉलरवर स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती अशीच पाठीला पाठ लावून आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतल्या कित्येक डॉलरांवर, विशेषतः १८९१ आणि १८९२ सालच्या, कानावर सपाट पट्टा दिसतो, आणि नाणे उलटले की गरुडाच्या छातीवरची पिसेही दिसत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोचे १८७९ ते १८८२ या वर्षांतले डॉलर याच्या अगदी उलट: त्यांच्यावरचे पीस न् पीस वेगळे उठून दिसते. चित्र तेच आणि चांदी तीच. फरक काम करणाऱ्या टांकसाळीचा.

कधी दोष टांकसाळीच्याही हाती नसतो. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना अमेरिकी नाण्यांवर प्राचीन ग्रीक नाण्यांसारखा खोल उठाव हवा होता. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यासाठी तसे शिल्प घडवले. १९०७ साली त्याची पहिली नमुना नाणी पाडताना एकेका चकतीवर कितीतरी वेळा दाब द्यावा लागला. उठाव कमी केलेल्या आवृत्तीलाही निदान तीन दाब लागत. रोजच्या चलनासाठी हे परवडणारे नव्हते, म्हणून टांकसाळीचे मुख्य उत्कीर्णक चार्ल्स बार्बर यांनी चित्र सपाट केले. १९२१ च्या पीस डॉलरची गोष्ट अशीच. अँथनी डी फ्रान्सिस्की यांच्या चित्राचा उठाव मोठा होता. डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत दहा लाखांहून थोडी जास्त नाणी पाडली गेली, त्यांतल्या बहुतेकांवर देवतेचे मधले केस पुसट राहिले, आणि १९२२ मध्ये उठाव उतरवावा लागला. या नाण्यांची छाप अपुरी आहे, हे खरेच. पण तिथे चित्राने यंत्राकडे जे मागितले ते यंत्रापाशी नव्हते. अशा नाण्याला 'हलके' म्हणण्याआधी प्रतवारी करणाऱ्याने हे आठवावे.

झीज आणि अपुरी छाप वेगळ्या ओळखता येतात का? येतात, आणि त्यासाठी भिंगाइतकाच दिवा महत्त्वाचा असतो. दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो तेव्हा पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली फिरवले की या रेषांवरून प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. न वापरलेल्या नाण्याची झळाळी ती हीच. वापराने उंच भाग घासला गेला की तिथल्या रेषा मोडतात, फिरता प्रकाश त्या जागी अडखळतो आणि धातूचा रंग मंद, करडा दिसू लागतो. छाप अपुरी असेल तर चित्र वेगळे दिसते. सपाट जागा सपाटच असते, पण तिच्या अवतीभवतीची झळाळी अखंड राहते. सर्वांत उंच ठिकाणी ठशाचा स्पर्शच झालेला नसेल, तर मूळ चकतीवरचे ओरखडे आणि खड्डे तिथे जसेच्या तसे शिल्लक असतात, कारण ते दाबून मिटवायला पोलाद तिथवर पोचलेच नाही. आणखी एक कसोटी नाणे उलटून पाहण्याची. कानावरचा सपाट पट्टा झिजेचा असेल तर नाण्याचे इतर उंच भागही त्याच प्रमाणात घासलेले असतात. छापेचा असेल तर नेमक्या त्याच्या पाठीमागची जागा सपाट सापडते.

तिसरा एक प्रकार या दोहोंच्या मध्ये येतो. ठसा स्वतःच झिजलेला असेल, तर दाब पूर्ण असूनही बारकावा उमटत नाही, कारण उमटवायला तो ठशात उरलेलाच नसतो. अशा नाण्यावर अक्षरे कडेकडे ओढल्यासारखी दिसतात आणि मोकळा भाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. ज्या मूळ साच्यावरून ठसे तयार करतात तोच झिजला, तर नवा कोरा ठसाही अपुरे चित्र घेऊनच जन्माला येतो. १९६० च्या दशकातल्या जेफर्सन निकेल या पाच सेंटच्या नाण्यावर इमारतीच्या पायऱ्या पूर्ण सापडणे फार विरळा आहे, आणि त्याचे मोठे कारण या साच्यांची झीज हेच आहे. काटेकोर अर्थाने याला छापेचा दोष म्हणता येत नाही. पण प्रतवारीच्या व्यवहारात तो छापेच्याच खात्यावर मांडला जातो.

आज वापरात असलेला आकडा १९४९ सालचा आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १७९३ ते १८१४ या काळातल्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तिच्या मुळाशी किमतीचा हिशेब होता. ज्या नाण्याची ओळख जेमतेम पटते त्याला १. सर्वोत्तम अवस्थेतले नाणे त्याच्या ७० पट किमतीचे, म्हणून त्याला ७०. बाजारभाव बदलले, हा हिशेब काही वर्षांतच मोडला, पट्टी मात्र राहिली. शेल्डनचे मूळ काम माणसांच्या शरीरबांध्याच्या वर्गीकरणाचे होते. तिथे त्याने एका माणसासाठी तीन स्वतंत्र आकडे वापरले होते, प्रत्येक १ ते ७ मधला, म्हणजे बांध्याचे तीन घटक वेगवेगळे दिसावेत. ते वर्गीकरण पुढे विज्ञानाने टाकून दिले. तरी एका वस्तूचे अनेक गुण अनेक आकड्यांत सांगण्याची ती कल्पना त्याने नाण्यांच्या बाबतीत वापरली असती, तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

१९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने आपली अधिकृत मानके प्रसिद्ध केली आणि ही पट्टी सर्वच अमेरिकी नाण्यांना लागू झाली. या संस्थेच्या प्रमाणन सेवेने १९७९ पासून प्रत लिहिलेली प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. त्यांत दोन बाजूंना वेगवेगळे आकडे असत, उदाहरणार्थ ६३/६५. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या खासगी कंपन्या पुढे आल्या. त्या नाणे प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, ठेवून वर लेबल लावू लागल्या. लेबलावर एकच आकडा आला. नाणे न बघता, केवळ लेबल बघून दूरवरून खरेदी-विक्री शक्य झाली, आणि त्यासाठी एक आकडा सोयीचा होता. ही सोय खरी होती. तिने बाजारातली फसवणूक पुष्कळ कमी केली. पण सोय करताना काय गाळले गेले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

या पट्टीवर ६० ते ७० हा पट्टा 'मिंट स्टेट'चा, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यांचा. नावावरून वाटते की इथे झिजेचा प्रश्न संपला, आता केवळ ओरखडे मोजायचे. प्रत्यक्षात छाप याच पट्ट्यात सर्वांत जास्त बोलते. ७० साठी छाप पूर्ण हवी. ६५ साठी ती चांगली, सरासरीपेक्षा वरची असावी अशी अपेक्षा असते. ६३ च्या आसपास सरासरी छाप चालते, आणि ६० ते ६२ मध्ये अपुरी छापही खपून जाते. म्हणजे एखाद्या नाण्यावर ओरखडा जवळजवळ नाही, झळाळी भरपूर आहे, पण छाप कच्ची आहे, तर ते ६४ वर अडकू शकते. दुसऱ्याची छाप लखलखीत आहे पण थैलीत इतर नाण्यांवर आपटून गालावर खुणा पडल्या आहेत, तेही ६४. आकडा सारखा, नाणी एकमेकांसारखी मुळीच नाहीत. ज्याला जतन महत्त्वाचे वाटते आणि ज्याला शिल्प महत्त्वाचे वाटते, त्या दोघांनाही हा आकडा आपल्या मनातले उत्तर देत नाही.

याहून अवघड प्रश्न असा की छाप कशाच्या तुलनेत मोजायची. ठशात जे होते त्याच्या तुलनेत, की त्या सालच्या, त्या टांकसाळीच्या इतर नाण्यांच्या तुलनेत? १९१३ ते १९३८ मध्ये पाडलेल्या बफेलो निकेलवर रानरेड्याचे शिंग ही प्रतवारीची जुनी खूण आहे. शिंग पूर्ण दिसले तरच मध्यम वापराच्या वरची प्रत मिळते. पण डेन्व्हर टांकसाळीची १९२६ सालची नाणी इतक्या कच्च्या छापेची आहेत की त्यांतल्या अनेकांवर शिंग टांकसाळीतून बाहेर पडतानाच पूर्ण नव्हते. शिंगाचा नियम डोळे मिटून लावला, तर जेमतेम वापरलेले नाणे पुष्कळ झिजलेले ठरते. म्हणून अनुभवी परीक्षक त्या सालाला सूट देतात. हीच सूट न्यू ऑर्लिन्सच्या १८९२ च्या डॉलरला आणि १९२१ च्या पीस डॉलरलाही मिळते.

सूट देणे योग्य की अयोग्य, यावर दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे, ६५ म्हणजे ६५. ज्या नाण्यावर गरुडाला छाती नाही ते दिसायला ६५ असूच शकत नाही, मग ते कोणत्याही साली पाडलेले असो. दुसरा तट म्हणतो, नाण्याने स्वतः काय सोसले एवढेच प्रतीने सांगावे. टांकसाळीचे पाप त्याच्या माथी मारू नये. दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. झीज ठरवताना साल आणि टांकसाळ विचारात घ्यावीच लागते, नाहीतर निदानच चुकते. छाप सांगताना मात्र सूट देण्याचे कारण नाही. अपुरी असेल तर अपुरी म्हणावे, मग त्या सालची सगळीच तशी असोत. सापेक्ष माप आणि निरपेक्ष माप एकाच आकड्यात कोंबले की त्या आकड्याचा अर्थ सालागणिक बदलतो. वरकरणी पट्टी एक दिसते, आत शेकडो पट्ट्या असतात, आणि त्या कोणत्या हे खरेदीदाराला लेबलावरून कळत नाही.

बाजाराने यावर स्वतःचा एक उपाय शोधला. काही नाण्यांच्या बाबतीत छापेची वेगळी खूण आकड्याशेजारी लिहिली जाऊ लागली. १९१६ ते १९४५ या काळातल्या दहा सेंटच्या मर्क्युरी नाण्यावर अॅडॉल्फ वाइनमन यांनी मागच्या बाजूला काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड घडवली आहे. मोळी बांधणाऱ्या मधल्या दोन पट्ट्या एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दिसल्या, तर त्याला 'फुल बँड्स' म्हणतात. हर्मन मॅकनील यांच्या उभ्या स्वातंत्र्यदेवतेच्या पाव डॉलरवर 'फुल हेड' पाहतात. १९१७ मध्ये बदललेल्या चित्रात त्यासाठी डोक्यावरची तीन पाने, कपाळाकडची केशरेषा आणि कानाचे छिद्र दिसावे लागते. जेफर्सन निकेलवर माँटिसेलो या वाड्याच्या पायऱ्या मोजतात. १९४८ ते १९६३ मधल्या फ्रँकलिन अर्ध्या डॉलरवर लिबर्टी बेलच्या तळाशी असलेल्या आडव्या रेषा अखंड आहेत का ते तपासतात.

या खुणांच्या बाजूने एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. छाप आकड्याबाहेर, स्वतंत्रपणे सांगता येते हे त्यांनी सिद्ध केले. पण ज्या रीतीने त्या सांगतात ती पुरेशी नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान जागा साऱ्या नाण्याची प्रतिनिधी ठरते. फ्रँकलिन अर्ध्या डॉलरची 'फुल बेल लाइन्स' ही खूण मागच्या बाजूपुरती आहे. दर्शनी बाजूवर फ्रँकलिनचे केस पुसट असले तरी ती मिळते. पाव डॉलरच्या देवतेचे डोके पूर्ण असूनही तिच्या ढालीवरचे खिळे उमटलेले नसतात, आणि अशी नाणी 'फुल हेड' म्हणून दिमाखाने विकली जातात. ढाल मोजायची नाही असे कोणी आणि का ठरवले? ज्या जागा सर्वांत आधी चर्चेत आल्या त्या रूढ झाल्या, एवढेच त्याचे उत्तर दिसते.

दुसरा दोष अधिक मुळाशी आहे. पायऱ्या किंवा घंटेच्या रेषा एखाद्या खाचेने तुटल्या असतील, तर ही खूण नाकारली जाते. मग ती खाच नाणे पाडल्यानंतर, थैलीत दुसऱ्या नाण्याचा धक्का लागून पडलेली का असेना. छापेसाठी काढलेल्या खुणेत आयुष्यातला दोष पुन्हा शिरला. जे वेगळे करायचे होते तेच परत मिसळले. शिवाय नियमही सर्वत्र सारखे नाहीत. घंटेवर रेषांचे दोन संच आहेत. एक कंपनी खालचा संच पूर्ण असला की समाधान मानते, दुसरी दोन्ही संच मागते. पायऱ्यांच्या बाबतीत एक पाच किंवा सहा पायऱ्यांना एकच खूण देते, दुसरी पाच आणि सहा वेगळ्या लिहिते. तेच नाणे एका डबीत 'पूर्ण' असते आणि दुसऱ्या डबीत नसते.

आणि या एवढ्याशा जागेवर केवढा पैसा उभा आहे! फिलाडेल्फियाने १९४५ साली मर्क्युरी दहा सेंटची १५ कोटी ९१ लाखांहून जास्त नाणी पाडली. न वापरलेल्या, सुरेख अवस्थेतल्या नाण्याला आजही काही डझन डॉलरच पडतात. पण त्या साली पट्ट्या पूर्ण उमटलेले नाणे इतके दुर्मीळ आहे की त्याच ६५ आकड्यापुढे 'फुल बँड्स' लिहिले गेले की किंमत हजारो डॉलरांवर जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९५३ सालच्या फ्रँकलिन अर्ध्या डॉलरचेही असेच आहे. नाणे सहज मिळते, अखंड रेषांचे नाणे फार शोधावे लागते. दुर्मिळतेला किंमत येणे स्वाभाविक आहे. खटकते ते हे की पट्ट्यांमधली फट नव्वद टक्के उघडी असलेले आणि शंभर टक्के उघडी असलेले नाणे यांच्यात डोळ्यांना जेमतेम फरक दिसतो, आणि दरी मात्र पगाराएवढी, कधी वर्षाच्या पगाराएवढी. असे घडते कारण ही खूण 'आहे' किंवा 'नाही' एवढेच बोलू शकते. छाप तशी नसते. तिच्यात पायऱ्या असतात.

हाताने पाडलेल्या नाण्यांकडे वळले की हा प्रश्न जास्त स्पष्ट होतो. तिथे चकतीला आवळणारे कडे नसते. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात धरलेला, आणि त्यावर हातोड्याचा घाव. घाव तिरका बसला की एक बाजू खोल आणि दुसरी फिकी. चकती सरकली की अर्धे चित्र बाहेर. अथेन्सच्या प्रसिद्ध घुबडाच्या चांदीच्या नाण्यावर अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुधा चकतीबाहेर जातो, आणि पूर्ण तुरा असलेले नाणे संग्राहक वेगळ्याच भावाने घेतात. मुघल रुपयाच्या बाबतीत तर छाप म्हणजे माहिती. टांकसाळीचे नाव आणि वर्ष मजकुराच्या ज्या कोपऱ्यात आहेत तो कोपरा चकतीवर आला नाही, तर नाणे कितीही कोरे असले तरी ते कुठले आणि कधीचे हे सांगता येत नाही. औरंगाबादच्या टांकसाळीचे 'खुजिस्ता बुनियाद' हे लांबलचक नाव पूर्ण दिसणारा रुपया हाती येतो तेव्हा त्याची झळाळी दुय्यम ठरते.

शिवराईने हे महाराष्ट्राला केव्हाच शिकवले आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे वर्तुळ तर सोडाच, सगळी अक्षरेही क्वचितच एका नाण्यावर येतात. कुठे 'श्री' गेलेला, कुठे 'पति' अर्धाच. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही शिवराया पाडल्या जात राहिल्या, तेव्हा ठसे खोदणाऱ्यांचा हातही बिघडत गेला आणि अक्षरांचे वळण मोडले. हा दोष छापेचाही नाही, झिजेचाही नाही, खोदकामाचा आहे. शिवराई पारखणारा माणूस म्हणून आधी अक्षरे मोजतो, मग ती किती घासली आहेत ते पाहतो. दोन प्रश्न दोनदा विचारण्याची ही रीत कोणत्याही मानक-पुस्तकाशिवाय रुजली, कारण समोरच्या नाण्याने दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

प्राचीन नाण्यांच्या प्रतवारीत एनजीसीने नेमके हेच केले आहे. ग्रीक, रोमन आणि इतर प्राचीन नाण्यांसाठी तिथे ७० ची पट्टी वापरत नाहीत. झिजेची प्रत शब्दांत दिली जाते, आणि तिच्याखाली छापेला ५ पैकी आणि पृष्ठभागाला ५ पैकी असे दोन वेगळे गुण असतात. नाणे फार फिरलेले पण छाप ५, किंवा जवळजवळ कोरे पण छाप २, असे उघडपणे लिहिता येते. छापेच्या गुणांत चित्र मध्यभागी आले आहे का, दाब पुरेसा होता का, ठसा कोणत्या अवस्थेत होता, हे सगळे धरले जाते. ब्रिटनमधल्या जुन्या लिलाव-याद्यांचीही रीत याच्या जवळची: प्रत झिजेची, आणि पुढे स्वल्पविराम देऊन 'मध्यभागी छाप कच्ची' अशी नोंद. तिथे आकडा नाही, तरीही वाचणाऱ्याला नाणे डोळ्यांसमोर उभे करता येते.

यंत्राच्या नाण्यांना हीच पद्धत लावायला हरकत काय? पहिली हरकत सोयीची आहे: बाजाराला एक आकडा लागतो. पण बाजार आजही एका आकड्यावर चालत नाही. 'फुल बँड्स', पृष्ठभागाच्या आरसेपणाची नोंद, तांब्याच्या नाण्यांना 'लाल' किंवा 'तपकिरी' अशी रंगाची खूण, हे सगळे लेबलावर आहेच. छापेसाठी ५ पैकी एक गुण वाढल्याने लेबल वाचणे कठीण होणार नाही. दुसरी हरकत मोजमापाची: छाप किती पूर्ण हे नजरेवर अवलंबून, दोन परीक्षकांचे एकमत होणार नाही. हे खरे आहे, पण ६४ आणि ६५ मधला फरकही नजरेवरच अवलंबून आहे, आणि तो करताना परीक्षक आज छापेचा विचार करतातच. फक्त ते मनातल्या मनात करतात. तोच निर्णय वेगळा लिहिला तर तो तपासता तरी येईल.

तिसरी हरकत वजनदार आहे. आतापर्यंत स्लॅबमध्ये गेलेल्या कोट्यवधी नाण्यांचे काय? त्यांचे आकडे जुन्या मिश्र मापाचे, नव्यांचे वेगळ्या मापाचे, आणि तीच किमतीची यादी दोघांना लावायची, यात नुकसान होणारे लोक खरे आहेत. यावर मार्ग असा की जुना आकडा तसाच ठेवावा आणि छापेचा गुण त्याच्या शेजारी यावा, हळूहळू, ज्यांना हवा त्यांच्यासाठी आधी. जिथे छापेचा फरक मोठा आहे तिथे, म्हणजे न्यू ऑर्लिन्सचे डॉलर, बफेलो आणि जेफर्सन निकेल, उभ्या देवतेचा पाव डॉलर यांच्यापासून, सुरुवात व्हावी. आजच्या टांकसाळीतून संग्राहकांसाठी मुद्दाम काळजीने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर छाप जवळपास नेहमीच पूर्ण असते; त्यांच्यावर तो गुण लिहून काही साधणार नाही.

हाताने पाडलेल्या उत्तरकालीन भारतीय नाण्यांना मात्र हा बदल सर्वांत आधी हवा आहे. आज मुघल रुपये स्लॅबमध्ये जातात तेव्हा त्यांना ग्रीक नाण्यांसारखे दोन गुण मिळत नाहीत. यंत्राच्या डॉलरसाठी रूढ झालेल्या ७० च्याच पट्टीवर ते मोजले जातात. शिवराईला ही पट्टी लावली तर 'श्री राजा शिव' ही अक्षरे अखंड असलेली पण बाजारात बरीच फिरलेली शिवराई २० च्या आसपास थांबेल. 'राजा' चकतीबाहेर गेलेली पण पुरचुंडीत पडून राहिलेली दुसरी ५० ओलांडेल. पहिलीवर नाव पूर्ण वाचता येते, दुसरीवर नाही, आणि हे दोन्ही आकडे त्याबद्दल गप्प असतील. छाप ५ पैकी ५, पृष्ठभाग ५ पैकी ३. छाप ५ पैकी २, पृष्ठभाग ५ पैकी ४. अशा दोन ओळी दोन डब्यांवर लिहिल्या, तर कोणती शिवराई कोणाच्या संग्रहात जायला हवी हे घेणाऱ्याला स्वतः ठरवता येईल.